शिकारीचे शिक्षण

कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा आरंभ हरिणाच्या पाठलागाने होतो. दुष्यंताचा बाण सुटण्याच्या बेतात असतानाच तपस्वी आडवे येतात, हे आश्रमातील हरिण आहे, ह्याला मारू नये, असे बजावतात. आणि राजा धनुष्यावरचा बाण उतरवतो. हरिण म्हटले की भारतीय मनापुढे उभे राहते ते हे अभय मिळालेले जनावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या अभयाला राज्यशासनाचे बळ दिले. अशा मनाला, ब्रिटनमध्ये हरिण कसे मारावे ह्याचे रीतसर वर्ग भरतात, परीक्षा होतात आणि प्रमाणपत्रे दिली जातात, हे ऐकून नवल वाटेल. कदाचित उद्वेगही वाटेल. परंतु ह्या वर्गांत नेमके काय शिकवले जाते ते पाहू लागले, म्हणजे त्यातला मोठा भाग गोळी केव्हा झाडू नये ह्याविषयीचा आहे असे आढळते.

हे शिक्षण मुळात लागतेच कशाला? त्याचे उत्तर स्कॉटलंडच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर मिळते. आपल्या सांबराच्या जातकुळीतले लाल हरिण आणि लहान चणीचे रो हरिण हे त्या देशाचे मूळ रहिवासी. एके काळी त्यांच्यामागे लांडगा आणि लिंक्स नावाचे रानमांजर असे. माणसाने लिंक्स मध्ययुगातच संपवला, आणि पुढे लांडगाही नामशेष केला. हरिणांना शत्रू उरला नाही, पण डोंगरावरचा चारा काही वाढला नाही. पाइनचे, रोवनचे रोप जमिनीतून डोके वर काढते न काढते तोच खुडले जाते. जुनी झाडे वठतात, त्यांच्या जागी नवी येत नाहीत. कडक हिवाळा सरता सरता अशक्त हरिणे उपासमारीने मरतात. हरिणांची संख्या माणसाने आवरली नाही, तर ती भूक आवरते, आणि भुकेच्या हातचे मरण गोळीच्या मरणाहून कितीतरी लांबते. १९५९ साली हरिणांविषयीचा कायदा करून ब्रिटिश संसदेने स्कॉटलंडमध्ये ह्या प्रश्नाची व्यवस्था लावण्यास आरंभ केला. आज तेथील हरिणांची एकूण संख्या दहा लाखांच्या घरात असावी असा अंदाज सांगितला जातो.

परंतु मारायचे म्हणजे कोणाला आणि कसे? प्रशिक्षणाची पहिली पायरी येथूनच सुरू होते. ब्रिटनमध्ये आज हरिणांच्या सहा जाती मोकळ्या रानात आहेत. त्या दुरून ओळखता आल्या पाहिजेत. नर कोणता, मादी कोणती, वर्षाचे पाडस कोणते, हे सांगता आले पाहिजे. कायदा, बंदुकीची सुरक्षितता, मांसाची स्वच्छता ह्या विषयांची परीक्षा होते. मग नेमबाजी. १०० मीटरांवरून झाडलेल्या तीन गोळ्या चार इंच व्यासाच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. त्यानंतर हरिणाच्या आकाराच्या लक्ष्यावर १००, ७० आणि ४० मीटरांवरून, निरनिराळ्या पवित्र्यांत, नेम धरावा लागतो. गोळी हृदय आणि फुप्फुसे ह्यांच्याच ठिकाणी लागली पाहिजे. मागे मातीचा भरभक्कम उतार नसेल, हरिण टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या कडेला उभे असेल, तर नेम कितीही अचूक असो, घोडा दाबायचा नाही. कारण चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी पलीकडे कोठे जाईल हे सांगता येत नाही.

दुसरी पायरी प्रत्यक्ष रानातली. येथे एक अधिकृत साक्षीदार उमेदवाराबरोबर असतो. वाऱ्याची दिशा सांभाळून ओल्या गवतातून सरपटत जायचे, तासन् तास थांबायचे आणि पुष्कळदा रिकाम्या हातांनी परतायचे. भरदार शिंगांचा नर मारण्याचा मोह जुन्या हौशी शिकाऱ्याला असे. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो. तेव्हा काही नर कमी केल्याने पुढच्या वर्षीची पाडसे कमी होत नाहीत. संख्या आटोक्यात ठेवायची तर मादीच मारावी लागते. आणि मादी मारायची तर तिचे दूध पिणारे पाडस मागे पोरके राहता कामा नये. म्हणून माद्यांसाठी बंदीचा काळ कायद्याने ठरवून दिला आहे.

भेकराच्या बाबतीत मात्र हा काळ ठरवताच येत नाही. आपल्या भेकराचे हे चिनी भावंड विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास इंग्लंडमध्ये वोबर्नच्या उपवनातून बाहेर पसरले. त्याची मादी वर्षभर केव्हाही विते आणि विल्यावर लवकरच पुन्हा गाभण राहते. तेव्हा प्रशिक्षणार्थ्याला सांगतात, की एक तर अजून वयात न आलेली मादी निवडा, नाहीतर दिवस भरत आलेली. कारण अशा मादीचे आधीचे पाडस आईवाचून जगण्याइतके मोठे झालेले असते. गाभण मादी मारणे ही दया कशी, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडेल. परंतु झुडपात उपाशी पडून राहिलेले पाडस डोळ्यांसमोर आणले, म्हणजे ह्या सल्ल्यामागची करुणा समजते, आणि हे काम किती कठोर आहे तेही समजते.

गोळी सुटल्यावर काम संपत नाही. हरिण कसे दचकले, कोणत्या दिशेने गेले, हे लक्षात ठेवून काही वेळ शांत थांबायचे. मग गोळी लागलेल्या जागी रक्त आणि केस तपासायचे. जखमी जनावराचा माग शिकवलेल्या कुत्र्याच्या मदतीने काढावा लागतो. त्याला तसेच टाकून परतणे ही ह्या विद्येत अक्षम्य गोष्ट होय.

त्यानंतर पोट उघडून आतडी काढण्याचे काम येते. स्कॉटलंडमध्ये ह्याला ‘ग्रॅलॉक’ म्हणतात. आतड्यांसाठी असलेल्या गेलिक शब्दावरून हे नाव आले. अन्ननलिका आधी बांधून टाकायची, म्हणजे कोठ्यातला रवंथ मांसावर सांडत नाही. सुरीचे टोक वर ठेवून, आतड्याला धक्का न लागू देता चीर घ्यायची. यकृत, फुप्फुसे, आतड्यांजवळच्या आणि घशातल्या लसिकाग्रंथी एकेक करून पाहायच्या. ग्रंथी सुजल्या असतील, पुवाच्या गाठी दिसत असतील, तर क्षयाची शंका घेऊन सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचे. मरण्यापूर्वी जनावर लंगडत होते काय, कळपापासून वेगळे पडले होते काय, हेही सांगावे लागते, आणि ते पाहिलेले असते फक्त मारणाऱ्याने. म्हणूनच २००६ पासून युरोपात लागू झालेल्या नियमांनी, मांस बाजारात जाण्यापूर्वी प्रशिक्षित व्यक्तीने तपासणी करावी अशी व्यवस्था केली. धडाला चिठ्ठी बांधली जाते. तीवर तारीख, वेळ, ठिकाण आणि तपासणाऱ्याची सही असते. मग ते धड ७ अंश सेल्सियसपर्यंत थंड केले जाते.

ह्या व्यवस्थेला आक्षेप नाहीत असे नव्हे. कुंपणे घालून रोपे वाचवावीत, लांडगा किंवा लिंक्स पुन्हा आणावा, असे म्हणणारे तेथे आहेत. हरिण मारणे मुळातच अयोग्य मानणारेही आहेत. प्रमाणपत्र हा वाद मिटवीत नाही. मारायचेच असेल, तर मारणाऱ्याने कशाकशाचा जाब दिला पाहिजे, एवढेच ते ठरवते.

आपल्या देशालाही हा प्रश्न सर्वस्वी परका नाही. ब्रिटिश राजवटीत अंदमान बेटांवर चितळे नेऊन सोडण्यात आली. तेथे वाघ नाही, बिबळ्या नाही. चितळे वाढली आणि रानातली कोवळी रोपे खुडू लागली. बिहारमध्ये पिकांच्या नासाडीमुळे २०१५ साली काही जिल्ह्यांपुरते नीलगायीला उपद्रवी ठरवण्यात आले. ह्या प्रश्नांची उत्तरे स्कॉटलंडसारखीच असतील असे नाही. आपली रानेही वेगळी आणि आपले मनही वेगळे. पण जेथे माणसाने सृष्टीचा तोल एकदा ढळवला, तेथे केवळ बाण उतरवून ठेवल्याने तो पुन्हा सावरत नाही. आणि सावरण्यासाठी कोणाच्या हाती शस्त्र द्यायचेच झाले, तर त्याला नेमाआधी संयम शिकवावा लागतो, आणि गोळीनंतरच्या चिठ्ठीवर स्वतःची सही करायला लावावी लागते.