उतारा कमी का पडतो?



कामगार संघटनेचा माणूस प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातनावर काय बोलणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल. ती रास्त आहे. आम्ही रसायनशास्त्र शिकलो ते रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर, आणि तेही एका मेमोमुळे. आमच्या कामथडीकडचा एक मुलगा एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. त्याच्यावर ठपका आला : तुझे तापमान चुकते, तुझा उतारा कमी पडतो, माल जातो कोठे? ‘जातो कोठे’ या दोन शब्दांत चोरीचा आळ होता.

माल म्हणजे इथिल ॲसिटेट. शाईत, रंगांत लागणारा, पिकल्या फळासारख्या वासाचा द्रव. मद्यार्क आणि ॲसेटिक आम्ल एकत्र करायचे, थोडे गंधकाम्ल घालून तापवायचे, वाफ वर न्यायची आणि थंड करून उतरवून घ्यायची.

आधी तापमान. पुस्तकात ७७ अंश लिहिलेले असतात, ते समुद्रसपाटीचे. वरंधा घाट उतरून महाडला गेलात तर ते जुळतील. आपण राहतो घाटावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणीच मुळी ९८ अंशांच्या सुमारास उकळते. मग हा द्रव ७५ अंशांवर उकळला तर त्यात मुलाचा काय दोष? शिवाय पहिल्या खेपेस मद्यार्क आणि पाणीही मालाबरोबर वर येतात व पारा सत्तरीच्या आसपास रेंगाळतो. पारा स्थिर आहे म्हणून माल शुद्ध, असे समजू नये. थर्मामीटरचा फुगा वाफेच्या फाट्याशी असावा. वर राहिला तर आकडा कमी दिसतो.

आता उतारा. ६० ग्रॅम आम्ल आणि ४६ ग्रॅम मद्यार्क यांतून कागदी हिशेबाने ८८ ग्रॅम माल व्हावा. पण ही क्रिया उलटही चालते. झालेला माल पाण्याशी मिळून पुन्हा आम्ल आणि मद्यार्क होऊ लागतो, आणि सुमारे दोन तृतीयांशावर तोल साधतो. बर्थेलो या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह हे १८६२ सालीच दाखवून दिले. म्हणजे हाती ५८-५९ ग्रॅम! गंधकाम्लाने तेथे लवकर पोहोचता येते, पुढे जाता येत नाही. पुढे जायचे तर मद्यार्क जादा घ्यावा, अथवा झालेला माल किंवा पाणी सतत बाहेर काढीत राहावे. साहेबांच्या कागदावर मात्र ८८ होते. राहिलेले तीस ग्रॅम कोणी चोरले नव्हते. ते झालेच नव्हते.

बाकीची गळती साधी असते. पंख्याचा वारा चंबूच्या मानेवर येतो, वाफ तेथेच थिजून परत खाली पडते. कंडेन्सरचे पाणी खालून आत, वरून बाहेर असे हवे. चैत्र-वैशाखात गच्चीवरच्या टाकीचे पाणीच कोमट. त्याने वाफ काय थंड होणार? खोलीत गोड वास दरवळला की उतारा हवेत चालला म्हणून समजावे. ही वाफ पेटही घेते, तेव्हा उघडा जाळ नको. चिनी मातीचे तुकडे द्रव थंड असतानाच टाकावेत. तापल्यावर टाकले तर सारे उसळून अंगावर येते.

चौकशीच्या दिवशी आम्ही भाषण केले नाही. चंबूत साधे पाणी उकळायला ठेवले आणि थर्मामीटर साहेबांनाच वाचायला सांगितला. मेमो मागे घेतला गेला. बर्फाची मागणी मात्र आम्हांला तीनदा लेखी द्यावी लागली.