टाच सुटी, टाच घट्ट

आल्प्सच्या परिसरांत हिवाळ्यांत तारेवरच्या पाळण्यांतून डोंगरमाथा गांठून स्कीवरून घसरत उतरणारे पुष्कळ. परंतु पाळणा टाळून स्वतःच्या पायांनीं चढणारा एक वर्ग निराळाच आहे. हे लोक स्कीच्या तळाला लवदार पट्टी चिकटवितात. लव मागें वळलेली असल्यामुळें स्की पुढें सरकते, मागें घसरत नाहीं. माथ्यावर पट्टी सोलून काढावयाची आणि कोऱ्या बर्फावरून खालीं यावयाचें. या छंदांत सर्वांत विचारपूर्वक घ्यावयाची वस्तु म्हणजे बूट स्कीला जोडणारा खटका, अर्थात् बाइंडिंग.

त्याचें काम मोठें चमत्कारिक आहे. चढतांना पावलागणिक टाच उचलली गेली पाहिजे, उतरतांना तीच जखडलेली हवी, आणि पडतांना बूट आपोआप सुटला पाहिजे; नाहीं तर लांबलचक स्की तरफेसारखी फिरते व नडगी पिळवटून मोडते. ह्यालमार व्हाम या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन स्कीपटूचा पाय १९३७ सालीं मोडला, त्यानंतरच त्याचें सुटणारें बाइंडिंग पुढें आलें.

जुनी जात चौकटीची. तिला साधा स्कीचा बूट चालतो व ती उताराला भरंवशाची. पण जोडीचें वजन अडीच किलोंच्या घरांत, आणि ती चौकट पायाबरोबर हरपावलीं उचलावी लागते. हजार मीटर चढल्यावर मांड्या त्याची साक्ष देतात! यावर ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलनें १९८० नंतरच्या दशकांत तोड काढली. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंस पोलादी खळगे, त्यांत दोन खिळे बसतात आणि बूट त्यांवर बिजागरीसारखा फिरतो. टाचेचा भाग स्कीवरच राहतो, उचलावा लागत नाहीं. अशा बाइंडिंगचें वजन पायामागें तीनचारशें ग्रॅमसुद्धां पुरतें.

मात्र हलकेपणाला भुलूं नये. साध्या खिळ्यांच्या बाइंडिंगमध्यें बूट बाजूला सुटतो तो टाचेकडून, चवड्याकडून नव्हे. कांहीं थोड्या नमुन्यांतच ही सोय पुढें आहे. शिवाय चढतांना पुढची कळ वर ओढून खिळे कुलूपबंद करतात. ती तशीच ठेवून उतरलें, तर पडल्यावर बूट सुटण्याचा भरंवसा उरत नाहीं, आणि हिमलोटांत सांपडल्यास स्की नांगराप्रमाणें माणसाला खालीं ओढते. कळ उघडी ठेवावी, तर निसरड्या आडव्या वाटेवर पावलाखालची स्कीच निसटण्याची धास्ती. ही पंचाईत अद्यापि कोणी पुरती सोडविलेली नाहीं.

२०१८ सालीं आलेल्या शिफ्ट या संकरित प्रकारांत चढतांना खिळे वापरतात व उतरतांना नेहमींची पकड लावतात. वजन पायामागें पाऊण किलोहून अधिक. अर्धा दिवस पाळण्यानें जाणाऱ्यास तो योग्य. दिवसभर चढणाऱ्यानें मात्र खिळ्यांचेंच घ्यावें. पण शर्यतीचें, सुटण्याचा जोर कायमचा ठरवून टाकलेलें नव्हे. बाजूला आणि वर सुटण्याचा जोर निरनिराळा बसवितां येईल, व सुटलेली स्की अडविणारा ब्रेक असेल, असें पाहावें. तो जोर वजन, उंची, वय, कौशल्य व बुटाच्या तळाची लांबी पाहून कारागिराकडूनच लावून घ्यावा. बूट आधीं घ्यावा, कारण खळगे नसलेला बूट खिळ्यांना निरुपयोगी.

दुकानांतच हातमोजे घालून कळ उघडून-मिटून पाहावी. डोंगरावर त्या कळेखालीं बर्फ घट्ट बसतें आणि खिळे पुरते मिटत नाहींत. तें काठीच्या टोकानें खरवडून, बूट चारदोनदां पुढेंमागें झुलवून, मगच चालूं लागावें.