गाडीवरचा अँप घेताना

देऊळगाव राजाहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज पापड-लोणच्यावर बोलायचं नाही. आज बोलायचंय गाडीवरच्या अँप्लिफायरवर. हसू नका. त्यात आमच्या गटाचे साडेअठरा हजार रुपये गेलेत.

झालं असं की गटाने कर्ज काढून जुना छोटा हत्ती घेतला. सकाळी भाजीपाला जालन्याला न्यायचा आणि बाकी वेळ भाड्याने द्यायचा. मग कुणीतरी सुचवलं की गाडीवर साउंड बसवला तर दवंडी, लसीकरणाची सूचना, जयंतीची मिरवणूक, दसऱ्याला बालाजीची यात्रा, सगळीकडून भाडं मिळेल. विचार चांगलाच होता. आम्ही एका शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने डब्यावर ‘5000 वॅट’ लिहिलेला अँप काढला, दोन मोठे खोके दाखवले आणि म्हणाला, "ताई, याच्यापुढे डीजे झक मारतो." आम्हाला वॅटमधलं काय कळत होतं? जितका आकडा मोठा तितका माल चांगला, असंच वाटलं.

तिसऱ्याच दिवशी गाडी उभी करून तीन तास वाजवलं आणि गाडी स्टार्टच होईना. ढकलून सुरू केली. पुढच्या आठवड्यात चालत्या गाडीत रबर जळाल्याचा वास आला. सीटखालची वायर वितळली होती, आणि मागे आमच्याच दोघी बसलेल्या होत्या. त्या दिवशी ड्रायव्हर भाऊंनी बॅटरीची वायर काढली म्हणून निभावलं.

मग गावातल्या एका वयस्कर वायरमन काकांकडे अँप घेऊन गेलो. त्यांनी डब्यावरचा आकडा वाचलाच नाही, अँप उलटा केला आणि फ्यूज दाखवला. 20 अँपिअर. म्हणाले, "बारा व्होल्टने गुणा." बारा वीसा दोनशे चाळीस. म्हणजे हा अँप बॅटरीतून सलग घेऊनघेऊन 240 वॅट घेणार. गाडी सुरू असताना व्होल्ट थोडे वाढतात, तेव्हा पावणेतीनशेच्या आसपास. जुन्या पद्धतीचा अँप यातला जवळपास निम्मा भाग उष्णता म्हणून घालवतो. मग आवाजाला उरतात सव्वाशे ते दीडशे वॅट. पाच हजार कुठून येणार? नवे ‘क्लास डी’ अँप येतात, ते कमी तापतात आणि घेतलेल्या विजेतली ऐंशी टक्क्यांच्या आसपास आवाजाकडे देतात. बॅटरीवर चालवायचं तर तेच बरे.

म्हणून मैत्रिणींनो, दुकानात गेल्यावर ‘मॅक्स’ किंवा ‘पीएमपीओ’ हे आकडे सोडून द्या. ‘आरएमएस’ किती ते विचारा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर फ्यूज बघा.

गाडी का बंद पडली तेही काकांनी सांगितलं. आमची बॅटरी साठ अँपिअर-तासाची. अँप सरासरी पंधरा अँपिअर खात असेल तर तीन तासांत पंचेचाळीस गेले, मग स्टार्टरला काय राहणार? आता इंजिन बंद असताना आम्ही तासाभराच्या वर वाजवत नाही.

वायर वितळली ती वेगळ्याच कारणाने. दिसायला तांब्याची, पण आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. अशा वायरमधून तांब्यापेक्षा कमी करंट जातो, म्हणून ती जाड घ्यावी लागते. आम्हाला बारीक दिली होती. बॅटरीजवळ फ्यूजही लावला नव्हता. अँपमधला फ्यूज अँपपुरता. बॅटरीपासून अँपपर्यंतच्या वायरसाठी वेगळा फ्यूज पाहिजे, आणि तो बॅटरीपासून हातभराच्या आत. ही एक गोष्ट मात्र विसरू नका.

आणखी एक घोळ होता. दोन खोके चार-चार ओहमचे होते आणि एकाच तारेवर शेजारी-शेजारी जोडले होते. तसे जोडले की दोन ओहम होतात आणि चार ओहमला बनलेला अँप तापतो. एकामागे एक जोडले तर आठ होतात. आवाज थोडा कमी, पण अँप टिकतो.

खरं सांगायचं तर आम्हाला ते खोके नकोच होते. आमचं काम बोलण्याचं. त्याला भोंगाच पाहिजे. एका वॅटवर साधा खोका एक मीटरवर नव्वदच्या आसपास डेसिबल देतो, भोंगा एकशे पाच किंवा वर. तेवढा आवाज खोक्यातून काढायला तीसपट वॅट लागतात. वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. आता आमच्याकडे दोन भोंगे आणि चाळीस वॅट आरएमएसचा अँप आहे. लसीकरणाची सूचना घरात भाकरी थापणाऱ्या बाईला स्पष्ट ऐकू येते. पहिल्या अँपच्या निम्म्या पैशात झालं.

खोके विकले. जुना अँप गटाच्या कपाटात आहे, कुणी घेत नाही.

मागच्या हंगामात एका वरातीवाल्यांनी जास्त पैसे देऊ केले. छाती धडधडली पाहिजे म्हणाले. आमच्यातल्या दोघींना ते भाडं घ्यावंसं वाटत होतं, कारण हप्ता थकला होता. दोन तास वाद झाला. शेवटी नाही म्हटलं. वरातीच्या वाटेवर दवाखाना होता. 2000 सालच्या ध्वनी नियमांनुसार दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती किमान शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सणांचे काही ठरावीक दिवस सोडून. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. आम्ही तिची प्रत गाडीतच ठेवतो. तो हप्ता आम्ही पुढच्या महिन्यात दंडासह भरला.

कुणाच्या गटाला गाडीवर साउंड बसवायचा असेल तर आधी आमच्या बैठकीला या. गाडी बाहेरच उभी असते, वायर उघडून दाखवू.