उन्हाळ्याच्या कामाला दाम हवा



संगणक शिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. हे संमेलन केळीच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डोंगरकड्यात होते आहे, याचा विशेष आनंद वाटतो.

आपल्याकडे परीक्षा संपली की शेतकऱ्याचे पोर हळदीच्या किंवा केळीच्या कामाला लागते, नाहीतर चार पैसे मिळवायला शहर गाठते. बिनपगारी इंटर्नशिप त्याला परवडत नाही. पुण्यातल्या खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भरू शकणारेच अशा इंटर्नशिपला जातात. गुणवत्ता मागे राहते आणि ऐपत पुढे जाते. म्हणून मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसाठी मानधन देऊन काम करवून घेणाऱ्या उन्हाळी उपक्रमांकडे मी सामाजिक न्यायाच्या नजरेने पाहतो.

अशा उपक्रमांपैकी गुगल समर ऑफ कोड २००५ साली सुरू झाला. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही उरली नाही. वय १८ पूर्ण असलेल्या नवोदितांना त्यात अर्ज करता येतो. प्रकल्प ९०, १७५ किंवा ३५० तासांचा असतो आणि काम घरबसल्या चालते. मानधन देशानुसार ठरते आणि मूल्यमापनानंतर टप्प्याटप्प्याने मिळते. या क्षेत्रात ज्यांचे प्रमाण कमी आहे अशा स्त्रिया आणि इतर गटांसाठी ‘आउटरीची’ ही इंटर्नशिप आहे. तिचे मानधन ७,००० डॉलर आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालतो. सायलॅब, पायथन, ई-सिम यांवर काम करणाऱ्यांना तो उन्हाळी फेलोशिप देतो. तिथे आधी एक काम करायला देतात आणि ते कसे केले यावर निवड होते.

हे काम आपल्यापासून दूरचे आहे, असे कुणी समजू नये. आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोने पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. त्या निरीक्षणाच्या नोंदी आज सर्वांसाठी खुल्या आहेत. त्या वाचणारी जीडब्ल्यूपाय ही मुक्तस्रोत लायब्ररी ॲस्ट्रोपाय या खगोलशास्त्राच्या लायब्ररीवर उभी आहे आणि ॲस्ट्रोपायवर समर ऑफ कोडच्या मुलांनी काम केले आहे. हिंगोलीच्या मुलीने ॲस्ट्रोपायमध्ये केलेली दुरुस्ती उद्या औंढ्याच्या वेधशाळेत वापरली जाऊ शकते.

पण सुरुवात वेधशाळेपासून करायची गरज नाही. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ‘वाऱ्याने केळी पडली’ असे टाइप केले आणि ‘वाऱ्याने’मधला ऱ्या पडद्यावर तुटला. त्याने प्रोग्रामची आवृत्ती, फॉन्टचे नाव, काय टाइप केले आणि काय दिसले, हे स्क्रीनशॉटसह नीट लिहून कळवावे. कळवण्याआधी ही चूक आधीच कुणी नोंदवली आहे का, तेही पाहावे. मग कोड उतरवून घ्यावा, दुरुस्ती करावी, चाचण्या चालवाव्यात आणि पुल रिक्वेस्ट पाठवावी. परीक्षक शंका काढतील, काही ओळी बदलायला सांगतील. बदलून पुन्हा पाठवावे. अशा दोन-चार दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या की विद्यार्थ्याने समर ऑफ कोडसाठी पाठवलेल्या प्रस्तावाला वजन येते. मार्च-एप्रिलमध्ये घाईने लिहिलेला प्रस्ताव तिथे टिकत नाही.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. दिवाळीची सुट्टी संपताच प्रयोगशाळेत आठवड्यातून एक तास या कामासाठी राखून ठेवा. मुलांना आधी गिट शिकवा आणि इंग्रजीत चार ओळींचा नेमका प्रश्न विचारायला शिकवा. संस्थाचालकांनी उन्हाळ्यातही प्रयोगशाळा उघडी ठेवावी, कारण खेड्यात वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसतो आणि अनेक घरांत लॅपटॉप नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने अशा कामाला श्रेयांक द्यावेत, असा ठराव या संमेलनाने करावा.

विद्यार्थ्यांनो, या उपक्रमांत अर्ज करायला पैसे लागत नाहीत. नाव नोंदवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. मिळणारे मानधन ही कुणाची मेहेरबानी नव्हे, तुमच्या श्रमाचा तो मोबदला आहे. तो ताठ मानेने घ्या, आणि पुढच्या वर्षी गावातल्या आणखी एकाला हे काम शिकवा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.