आवाराबाहेरची धून

दुसरी पाळी संपवून रात्री घरी आलो की मी रेडिओ लावायचो. ऐंशीचं दशक होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आठ तास लेथचा आवाज ऐकलेल्या कानांना आता भावगीत मानवायचं नाही, असं माझी बायको म्हणायची. शॉर्टवेव्हची खरखर बाजूला सारत गेलं की 'व्हॉइस ऑफ अमेरिका' सापडायचं आणि विलिस कॉनोव्हर या निवेदकाचा संथ, भारदस्त आवाज यायचा. त्याच्या जॅझच्या कार्यक्रमाची ओळखीची धून होती 'टेक द ए ट्रेन'. बँड ड्यूक एलिंग्टनचा, रचना त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्नची. आज बोलायचं आहे ते या एलिंग्टनबद्दल. पण त्याच्या नाचाच्या संगीताबद्दल नव्हे. आपला सगळा बँड घेऊन तो चर्चमध्ये गेला, त्याबद्दल.

एलिंग्टन १८९९ मध्ये वॉशिंग्टनला जन्मला. लहानपणी दर रविवारी त्याला दोन चर्चमध्ये जावं लागे, एक आईचं आणि एक वडिलांचं. पुढे १९२७ पासून न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये तो वाजवू लागला. तिथे मंचावर सगळे काळे आणि टेबलांवर सगळे गोरे. तो पियानो उत्तम वाजवी, पण त्याचं खरं वाद्य म्हणजे त्याचा बँड, असं स्ट्रेहॉर्न म्हणत असे. अमुक जागा नुसत्या सॅक्सोफोनसाठी नाही, जॉनी हॉजेसच्या सॅक्सोफोनसाठी लिहायची, ही त्याची रीत. आपल्याकडे नाटककार नट डोळ्यांसमोर ठेवून भूमिका लिहितो ना, तसं.

२३ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने एक कार्यक्रम केला. महायुद्ध चालू होतं आणि उत्पन्न रशियातल्या युद्धग्रस्तांच्या मदतीला जायचं होतं. या मदतीच्या कार्यक्रमात त्याने 'ब्लॅक, ब्राऊन अँड बेज' ही आपली सर्वात लांबलचक रचना प्रथम सादर केली. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा इतिहास त्याने सुरांत मांडला होता. समीक्षकांनी नाकं मुरडली. पण त्यातला एक तुकडा टिकला, 'कम संडे'. रविवारी गोरे मालक चर्चमध्ये जातात. गुलाम बाहेर आवारात उभे राहतात. त्यांना कळस दिसतो, ऑर्गन ऐकू येतो, पण आत जाता येत नाही. मग ते बाहेरच, आपल्या आपण गुणगुणतात. ती ही धून.

हे वाचलं तेव्हा मला पंढरपुरात महाद्वाराबाहेर राहिलेले चोखोबा आठवले. आणि नाशिककराला आणखी जवळचं आठवणारच. अंबडहून पंचवटी किती लांब? तिथल्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. पाच वर्षं माणसं दाराशी गेली आणि दार उघडलं नाही. १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. तुलना मी इथेच थांबवतो, कारण पुढच्या वाटा वेगळ्या आहेत. पण बाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायला नको.

१९६३ मध्ये अमेरिकी सरकारने एलिंग्टनला बँडसह आपल्याकडे पाठवलं. दिल्लीत तो आजारी पडला, तेव्हा पियानोवर स्ट्रेहॉर्न बसला. मुंबईतही त्यांचे कार्यक्रम झाले. मुंबईत जॅझ तोवर मुरलेला होता, आणि तो मुरवला होता मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. अल्दोन्याचा चिक चॉकलेट ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तही त्याचा हात होता. या मंडळींचा प्रवास एलिंग्टनच्या उलटा. गावातल्या चर्चच्या शाळेत ती व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकली, आणि तिथून हॉटेलांत, सिनेमांत गेली. तिकडे एलिंग्टनचा दौरा नोव्हेंबरात अर्ध्यावर संपला. बँड अंकाराला असताना केनेडींची हत्या झाली.

सॅन फ्रान्सिस्कोचं ग्रेस कॅथीड्रल १९६४ मध्ये बांधून पुरं झालं. त्या निमित्ताच्या कार्यक्रमांसाठी तिथल्या धर्मगुरूंनी एलिंग्टनला बोलावलं. १६ सप्टेंबर १९६५ ला तो पूर्ण बँड घेऊन गेला. त्याने संगीत सोवळं केलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तेच ट्रम्पेट, तेच ड्रम. बायबलच्या आरंभीच्या 'इन द बिगिनिंग गॉड' या शब्दांची इंग्रजी अक्षरं सहा, म्हणून त्याने सहा सुरांची धून बांधली. गायकवृंदाने बायबलमधल्या पुस्तकांची नावं तालात म्हटली. आणि 'कम संडे' तर दोनदा आलं. एकदा संथ, गायलेलं. नंतर तीच धून द्रुत लयीत, आणि तिच्यावर बनी ब्रिग्ज हा नर्तक बुटांच्या टाचा-चवड्यांनी नाचला. राजा दावीद देवापुढे नाचला होता, त्याची आठवण म्हणून. बावीस वर्षांपूर्वी आवाराबाहेर उभी असलेली धून आता वेदीसमोर नाचत होती.

सगळ्यांना हे रुचलं नाही. १९६६ मध्ये वॉशिंग्टनला, म्हणजे त्याच्याच गावी, असा कार्यक्रम ठरला तेव्हा तिथल्या बॅप्टिस्ट धर्मगुरूंच्या परिषदेने पाठिंबा नाकारला. हे संगीत ऐहिक आहे आणि हा माणूस नाइट क्लबांत वावरणारा, असा त्यांचा आक्षेप. मला तो अगदीच टाकाऊ वाटत नाही. प्रार्थनेला शांतता लागते, आणि टाळ्या पडू लागल्या की भक्त कुठे संपतो आणि प्रेक्षक कुठे सुरू होतो, ते कळत नाही. आपल्या रामजोश्यांची आख्यायिका अशी, की मोरोपंतांच्या प्रभावाने त्यांनी डफ टाकला आणि कीर्तनाला उभे राहिले. एलिंग्टनने डफ टाकला नाही. त्याने एक जुनी गोष्ट सांगितली. एका माणसाला देवापुढे वाजवायला काही येत नव्हतं, चेंडू झेलण्याचा खेळ तेवढा येत होता. त्याने तोच केला, आणि देवाला तो पोचला.

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. रात्री लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, रविवारी त्याच्या चर्चमध्ये पेटी. कारखान्यात प्रेसखाली बोटं गेलेल्या एका कामगारासाठी आम्ही मदतीचा कार्यक्रम केला, तेव्हा हा पोरगा पैसा न घेता चार तास वाजवत होता. त्याच्या मंडळीतले वडीलधारे पुढच्या रांगेत बसून टाळ्या देत होते. पण उपासनेत त्याने कीबोर्ड काढला की तेच म्हणतात, "हे वरातीचं इथे नको." गंमत पाहा. मराठी चर्चमध्ये टाळ आणि अभंग आज सहज वाटतात, पण रेव्हरंड टिळकांनी कीर्तन आणि भजन तिथे रुजवलं ते शंभरेक वर्षांपूर्वी. आणि ती सोवळी पेटी? तिचं माहेर युरोपातलं. मी त्याला ग्रेस कॅथीड्रलचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. ब्रिग्जच्या नाचापाशी तो हसायला लागला. म्हणाला, "काका, हे तर खरंच वरातीत वाजेल." मग गप्प बसून त्याने तो भाग पुन्हा दोनदा ऐकला.

एलिंग्टनने पुढे दुसरा असा कार्यक्रम रचला आणि १९६८ च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये झाला. स्ट्रेहॉर्न आदल्या वर्षी गेला होता. त्याने जपलेल्या चार मुक्ती एलिंग्टनने त्यात सांगितल्या. द्वेषापासून, स्वतःची कीव करण्यापासून, गर्वापासून मुक्ती. आणि चौथी मला सर्वात अवघड वाटते, आपण केलेल्या गोष्टीने आपल्यापेक्षा दुसऱ्याचंच अधिक भलं होईल, या भीतीपासून मुक्ती. मदतीच्या कार्यक्रमांच्या मानधनाची चर्चा चालते तेव्हा ती मला हटकून आठवते.

तिसरा कार्यक्रम २४ ऑक्टोबर १९७३ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला. तेव्हा एलिंग्टनला फुफ्फुसाचा कर्करोग होता. त्याचा जुना सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस त्याच दिवशी कोसळला. नावावरून हा गोव्याचा वाटेल, पण त्याचं घराणं केप व्हर्डी बेटांचं. १९७४ च्या मे महिन्यात आधी गोन्साल्विस गेला, नऊ दिवसांनी एलिंग्टन. अंत्यविधी सेंट जॉन द डिव्हाइनमध्येच झाला. बारा हजारांवर माणसं जमली. एला फिट्झजेराल्ड गायला उभी राहिली. तिने एक भक्तिगीत गायलं, आणि त्याच्या जोडीला 'सॉलिट्यूड'. एलिंग्टनचं १९३४ मधलं, नाचाच्या दिवाणखान्यांत गाजलेलं विरहगीत.