स्पीकरचे खोके आणि आतली हवा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही पालकांनी मला विचारले की, स्पीकर बाजारात तयार मिळतो, मग मुलांनी किट आणून तो घरी का जोडावा? प्रश्न रास्त आहे. पैसे वाचतात असे उत्तर मी देणार नाही. चांगला प्लाय, चांगले सुटे भाग आणि मिस्त्रीची मजुरी धरली तर बचत होईलच असे नाही. माझे उत्तर वेगळे आहे. शाळेच्या पुस्तकातले घनफळ आणि वर्गमूळ या खोक्यात चक्क कानाला ऐकू येते.

इथल्या बुजुर्गांना मडक्यातला स्पीकर आठवत असेल. मातीच्या मडक्याच्या तोंडावर स्पीकर बसवायचा आणि टेपरेकॉर्डरची तार त्याला जोडायची. आवाज एकदम भरदार व्हायचा. लोक म्हणत, मडके आवाज घुमवते. ते खरेच, पण मडक्याचे मोठे काम दुसरे होते. स्पीकरचा कागदी कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे मागून उलटी लहर निघते. उघड्या स्पीकरमध्ये ती कडेने वळून पुढे येते आणि पुढच्या लहरीला खाऊन टाकते. १०,००० हर्ट्झच्या स्वराची लहर साडेतीन सेंटीमीटरांपेक्षाही आखूड असते, तिचे फारसे बिघडत नाही. ५० हर्ट्झच्या खर्जाची लहर मात्र जवळजवळ ७ मीटर लांब. तिच्यापुढे आठ इंची स्पीकर म्हणजे काहीच नाही, म्हणून खर्ज नाहीसा होतो. मडक्याने ती मागची लहर आत कोंडून धरली. कोणत्याही पुस्तकाशिवाय ज्याने हे पहिल्यांदा केले, त्याच्या डोक्याला दाद दिली पाहिजे.

मडके केवढे घ्यावे हे मात्र त्याला सांगता आले नसते. त्या काळच्या मोठमोठ्या कंपन्यांनाही ते नेमके सांगता येत नव्हते. चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या कॉइलचा, आजच्या धर्तीचा स्पीकर राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडला. पुढे कित्येक वर्षे खोक्याचा आकार बराचसा अनुभवाने आणि अंदाजाने ठरत असे. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी पाइप बसवलेल्या खोक्याचे गणित प्रसिद्ध केले आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेले. आज चांगल्या वूफरबरोबर जो आकड्यांचा कागद येतो, त्यावरच्या आकड्यांना या दोघांचेच नाव आहे. हे आकडे असल्यामुळे किट देणारा तुम्हाला खात्रीने सांगू शकतो की या वूफरला एवढे लिटर हवा आणि एवढ्या लांबीचा पाइप द्या.

आता पाइपाचे काम पाहू. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक स्वर निघतो. बाटलीत थोडे पाणी भरा आणि पुन्हा फुंका, स्वर चढतो. पाण्याने आतली हवा कमी केली. स्पीकरचे खोके ही अशीच बाटली आहे आणि पाइप हा तिचा गळा. खोक्याचा स्वर जिथे लागतो तिथे पाइपातली हवा कोनाच्या मदतीला येते आणि लहान वूफरमधूनही खर्ज मिळतो.

समजा, किटच्या कागदावर लिहिले आहे: २० लिटर, स्वर ४० हर्ट्झ. विद्यार्थ्याने हिशेब केला. ४० गुणिले २५ गुणिले २० सेंटीमीटर, म्हणजे बरोबर २०,००० घन सेंटीमीटर. ही मापे त्याने मिस्त्रीला दिली. मिस्त्रीने खोके असे सुबक केले की सांध्यात कागद जाऊ नये. पण कपाट असो की पेटी, मिस्त्री बाहेरून माप धरतो, कारण गिऱ्हाइकाला ती वस्तू भिंतीशी किती जागा खाईल हे हवे असते. प्लाय १८ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की आत उरले ३६.४, २१.४ आणि १६.४ सेंटीमीटर. गुणाकार करून पाहा. १२.८ लिटर भरते. २० लिटरमधली ७ लिटरहून अधिक हवा लाकडाने खाल्ली.

पाइप तोच ठेवला तर खोक्याचा स्वर घनफळाच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात बदलतो. २० भागिले १२.८ म्हणजे १.५६, त्याचे वर्गमूळ १.२५. म्हणून ४० हर्ट्झचे खोके ५० हर्ट्झवर जाऊन बसले. ज्यांना सूर कळतो त्यांच्यासाठी सांगतो, सा चढून शुद्ध गंधार झाला. त्याखालच्या स्वरांना आता पाइपाचा आधार नाही आणि जोराच्या आवाजात कोन नुसता फडफडतो.

इथे चूक कोणाची? मिस्त्रीचे काम निर्दोष आहे आणि मुलाचा गुणाकारही बरोबर आहे. दोघे एकमेकांशी पुरेसे बोलले नाहीत, एवढेच. आपल्या समाजात करवत आणि रंधा चालवणारी, वेल्डिंग, वायरिंग करणारी माणसे घरोघरी आहेत. मुलगा अकरावीला विज्ञान शाखेत गेला की मामूंच्या कारखान्यात जाणे त्याला कमीपणाचे वाटू लागते आणि मामूही म्हणतात, "बाबा, तू शिकलेला, तुला इथे काय काम?" माझी पालकांना विनंती आहे की स्पीकर करायचा असेल तर मुलाला कागद घेऊन मामूंकडेच पाठवा. बाजारात १८ मिलिमीटर म्हणून मिळणारा प्लाय कधी कधी खरा किती भरतो, पावसाळ्यात कोणता लाकूडमाल फुगतो, गोल भोक कोणत्या बाजूने कापले म्हणजे पापुद्रा निघत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आतले माप का धरायचे हे मुलाने त्यांना सांगावे. पाइप आणि चुंबक यांनी व्यापलेली जागाही हिशेबात घ्यायची असते. संशय आला तर मागची फळी बसवण्याआधी लिटरच्या मापाने तांदूळ ओतून मोजता येते. घरातून तांदूळ आणताना परवानगी घ्यावी.

बाकीचे काम सोपे आहे. सांधे फेविकॉलने बंद करा, वारा कुठूनही फुटता कामा नये. आतल्या भिंतींना कापसाचे अस्तर लावतात. रजई भरणाऱ्या पिंजाऱ्याकडचा पिंजलेला कापूस चालतो, पण दमट गावात पॉलिस्टरचा बरा, आणि पाइपाचे तोंड मोकळे ठेवा. ट्विटरच्या वाटेत कंडेन्सर हवाच. खर्जाचा जोर त्याच्यावर गेला तर तो जळतो. ८ ओहमच्या ट्विटरला ३,००० हर्ट्झपासून काम द्यायचे तर साध्या हिशेबाने ६.६ मायक्रोफॅरड येतात. तो नॉन-पोलर असावा. डाग देताना खिडकी उघडी ठेवावी आणि इस्त्रीसारखेच सोल्डरिंग आयर्नलाही भ्यावे. अशा स्पीकरमध्ये घरची वीज येत नाही, म्हणून मुलींच्या आणि मुलांच्या हाती हे काम निर्धास्त द्यावे. अॅम्प्लिफायरचे झाकण मात्र कोणीही उघडू नये.

दुकानदार वॉट मोठे सांगेल. त्याला भुलू नका. ५० वॉटचे १०० केले तर वाढ फक्त ३ डेसिबलची, कानाला थोडीशीच जाणवते. शेजाऱ्यांनाही झोप लागते, हेही ध्यानात असू द्या.

शेवटची तपासणी दीड व्होल्टच्या सेलची. सेलचे अधिक टोक वूफरच्या अधिक खुणेला आणि उणे टोक उण्याला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो. मग मडक्याआधीचीच अवस्था, दोघे मिळून एकमेकांचा खर्ज खातात. टेबलावर मी एक सुटा वूफर, दोन तारा आणि सेल ठेवला आहे. पाण्याची बाटलीही आहे. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी रांगेने पुढे यावे, आधी लहान मुले.