घरातली अडगळ आणि घराचा आब

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘साधी राहणी’ या विषयावर बोलण्यास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. या विषयावरची भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत, आणि बोलणारी बाई त्या दिवशी कपाटातले सर्वांत चांगले पातळ काढून येते हेही पाहिले आहे. मीही आज तेच केले आहे. लपवून काय उपयोग? परंतु गेल्या दोन वर्षांत माझ्या घरी या बाबतीत काही घडले. ते सांगावे एवढ्यासाठीच उभी राहिले आहे.

सासूबाई गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी कानबाईच्या आधी आम्ही घर रंगवायला काढले. कानबाई यायची म्हणजे घर कसे लख्ख लागते, हे खानदेशातल्या बाईला सांगायला नको. नागपंचमीनंतरचा रविवार तोंडावर आला की भिंती, डबे, भांडी, अंथरुणे, कशाचीच सुटका नसते. आमचे घर जुने, धाब्याचे. त्याचा माळा कित्येक वर्षांत पुरता उतरवलेला नव्हता, तो त्या वेळी उतरवला. नऊ मोठी पातेली, चार हंडे, पितळी डबे, पन्नास-साठ पेले, आहेरात आलेले आणि खोक्यातून कधी बाहेरच न निघालेले चहाचे तीन संच, बंद पडलेले दोन स्टोव्ह, आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. अंगणात मांडल्यावर चालायला वाट उरली नाही. एकेका वस्तूबद्दल मी विचारू लागले, तर घरातून उत्तर एकच : “असू द्या, पाहुणे आले म्हणजे लागते.” बालाजीच्या रथाला पाहुणे येतात, आखाजीला लेकीबाळी येतात, हे खरे. पण साठ माणसांची पंगत आमच्या दारात शेवटची कधी बसली, हे कुणालाच आठवेना. आता कार्य निघाले की ते मंगल कार्यालयात होते आणि भांडीही तिथलीच असतात.

नंतर सासूबाईंची स्वतःची पेटी उघडली. तिच्यात दोन लुगडी, माहेरची एक चोळी, सुईदोऱ्याची डबी आणि चष्म्याची मोडकी दांडी. साठ माणसांची भांडी जन्मभर सांभाळणाऱ्या बाईचे स्वतःचे म्हणून एवढेच. लुगडी विरलेली होती, पण रफू इतका बारीक की बोटाने चाचपल्याशिवाय कळू नये. माझी जाऊ रडू लागली. मला रडू आले नाही, राग आला. आणि तो कुणाचा, हे पुष्कळ दिवस समजले नाही.

आम्ही सर्व जण त्यांच्या राहणीला ‘साधी राहणी’ म्हणत आलो होतो. चारचौघांत अभिमानाने सांगतही होतो. परंतु ती त्यांनी आवडीने पत्करली होती, की मागायचे कुणाकडे म्हणून अंगवळणी पडली होती, हे आमच्यापैकी एकीनेही कधी विचारले नाही. ज्या बाईला मिळालेच नाही तिला साधेपणाचे गुण सांगणे, हा मला आता शुद्ध निर्लज्जपणा वाटतो. साधेपणा आपल्या खुशीचा असला तरच तो शोभतो.

खुशीचा साधेपणा कसा दिसतो, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात होऊन गेले आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. खेड्यातल्या अधिवेशनाची सजावट खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंनीच व्हावी, असा गांधीजींचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतले. एवढा मोठा कलावंत, पण त्यांनी हाती घेतला तो बांबू. बांबू, चटया अशा साध्या जिनसांतून तिथले टिळकनगर सजले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू मोटारीतून नव्हे, तर बैल जोडलेल्या रथातून मिरवत आले. मला यात मोठी गोष्ट वाटते ती ही की, बांबूने बांबूच दिसावे यात कुणाला कमीपणा वाटला नाही. नाहीतर आपण! फ्रिज घेतो, त्यावर आच्छादन घालतो, आच्छादन मळू नये म्हणून त्यावर प्लास्टिक पसरतो आणि त्या प्लास्टिकवर कागदी फुलांची कुंडी ठेवतो. शेवटी फ्रिज कुठल्या रंगाचा घेतला होता हे घेणाऱ्यालाही आठवत नाही.

माळ्यावरचे सामान अंगणात पडले असताना माझ्या सुनेने मला जपानमधल्या मारी कोंडो या बाईंच्या पुस्तकाची हकीकत सांगितली. घर आवरण्यावरचे हे पुस्तक पंधराएक वर्षांपूर्वी तिकडे निघाले आणि जगभर गेले. एकेक वस्तू हातात घ्यावी, मनाला आनंद होतो का ते पाहावे, होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा, असे त्या सांगतात. आभारांचा भाग मला फार आवडला. आपणही दसऱ्याला हत्याराला फूल वाहतोच. पण आनंदाच्या परीक्षेत माझा खलबत्ता, झाडू आणि गॅसची शेगडी हे तिन्ही नापास व्हायचे! आणि मांड्यांचे खापर? ते वर्षातून दोनदाच खाली उतरते, पण त्याला अडगळ म्हणण्याची कुणाची छाती आहे? तेव्हा मी माझ्यापुरती वेगळी परीक्षा ठरवली. ही वस्तू कामासाठी ठेवली आहे, मायेसाठी ठेवली आहे, की लोकांच्या भीतीने? काम आणि माया यांना घरात जागा दिली. भीतीने ठेवलेले एकेक काढत गेले, आणि काय सांगू, माळा जवळजवळ मोकळा झाला.

आता माझी चूक सांगते. जुन्या कपड्यांतली चार पातळे निवडून मी धुणेभांडी करणाऱ्या बाईंना दिली. एकाचा पदर फाटलेला, दुसऱ्यावर डाग, असे. देताना मला फार बरे वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चारही घड्या घालून परत आणली. “ताई, ही तुम्ही पुसायला घ्या. लेकीच्या सासरी नेसून जाता येईल असं कधी निघालं तर द्या. नाही निघालं तरी चालेल.” आवाजात राग नव्हता. पुढ्यात भांड्यांचा ढीग होता, तो त्या घासत बसल्या. मी मात्र दिवसभर त्यांच्याकडे नीट पाहू शकले नाही. माझ्या घरातली अडगळ मी त्यांच्या घरात सरकवत होते आणि वर दानाचे पुण्य मागत होते! सासूबाईंच्या पेटीपाशी मला जो राग आला होता, तो त्या दिवशी माझ्याच अंगावर आला.

तेव्हापासून शेजारी हळदीकुंकवाला मी नेसून जाईन असेच पातळ मी दुसरीला देते; धुऊन, इस्त्री करून, फॉल उसवला असेल तर तो घालून. बाकीचे गोधडीत जाते, आणि गोधडीच्याही कामाचे नसेल ते फडक्यांत. सासूबाईंच्या दोन लुगड्यांपैकी एकाची गोधडी झाली. दुसरे मी तसेच ठेवले आहे. ते कशात मोडते, हे कृपा करून मला विचारू नका.

हळदीकुंकवाचा विषय निघालाच आहे तर वाणाबद्दलही बोलते. गेल्या संक्रांतीला माझ्याकडे प्लास्टिकच्या अकरा डब्या आल्या, आणि एकीचेही झाकण नीट बसत नाही. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण वाणाच्या डब्यांना आपणच आवर घालायचा आहे. मूठभर तीळ, गुळाचा खडा, मेथीचे बी, सुयांचे पाकीट, वाटीभर हरभऱ्याची डाळ, यांत कुठे हलकेपणा आहे? वाण खाऊन संपते, पेरले तर उगवते. माळ्यावर चढत नाही.

आणखी एक गोष्ट. घर आवरायचे म्हटले की कंबर बाईनेच बांधायची, हे कुणी ठरवले? साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, अंथरुणे आवरून ठेवत, कपडेही धुऊन टाकत. पारोळ्याहून अमळनेर ते केवढे दूर! गुरुजींच्या गोष्टी सांगून आपण मुलांच्या डोळ्यांत पाणी आणतो, पण त्यांच्या हातातला झाडू मुलग्यांच्या हाती देत नाही. आमच्याकडे आता दर रविवारी एक फडताळ मुलगा आवरतो. पहिल्या दोन रविवारी मीठ आणि साखर यांच्या डब्यांची अदलाबदल झाली. आम्ही तो चहा मुकाट्याने प्यालो.

मोठ्या भांड्यांविषयी मात्र माझी मंडळाला विनंती आहे. प्रत्येकीच्या माळ्यावर साठ माणसांची भांडी कशाला हवीत? मंडळाच्या खोलीत एकच संच असावा, वहीत नोंद करून न्यावा, घासून परत आणावा. ज्या घरी कार्यालय परवडत नाही, त्यांना दारातले कार्य कुणापुढे हात न पसरता करता येईल. भांडी मंडळाची, म्हणजे त्यांचीही. मी सात पातेली आणि तीन हंडे देऊन ठेवले आहेत. चिटणीसबाईंनी वही घातली आहे. दोन पातेली अजून घरीच आहेत, कारण ती एकट्या बाईला उचलत नाहीत. कुणाची मुले रविवारी रिकामी असतील तर पाठवावीत. कल्हई तेवढी करून घ्यावी लागेल.